दादा, ती होडी खरी होती

दादा,

गेल्या रविवारी नौपाड्यातल्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुझा दाढीतला फोटो मोठा करून लावला होता, त्याला वहिनीने आणलेला निशिगंधाचा हार होता आणि मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सूत्रसंचालकाने माझी ओळख करून दिली, दिग्दर्शकांच्या धाकट्या भगिनी आणि तिन्ही चित्रपटांच्या लेखिका. तिसरा चित्रपट झालाच नाही, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही.

जो तो उठून त्याच एका दृश्यावर येत होता. खाडीच्या काठाला पेटलेली होडी आणि तिच्याकडे चिखलातून धावत जाणारा म्हातारा तांडेल. फिल्म सोसायटीचा एक चष्मेवाला मुलगा म्हणाला की पेटत्या होडीवर तो ओंजळीने चिखल फेकतो, हे मातीचं मातीला परत देणं आहे, आणि असा अभिनय मराठी पडद्यावर क्वचितच झाला असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. मग मला बोलावलं. मी माईकपाशी गेले, ‘दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता’ एवढं म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, मला हुंदका आला.

मला हुंदका आला नव्हता. मला सांगायचं होतं की तो अभिनय नव्हता. ती होडी खरी होती, त्या माणसाची स्वतःची होती आणि ती पेटवणार आहेत हे त्याला माहीत नव्हतं. तुझ्या फोटोसमोर उभं राहून ते मला बोलता आलं नाही. तुझ्याशी भांडायचं तर तू समोर लागायचास. आता नाहीस. तरी लिहिते.

आधी चांगलं लिहिते, नाहीतर नंतर लिहवणार नाही.

अप्पा मिठाच्या खात्यात कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी आपल्याला मिठागरावर घेऊन जायचे. तू अकरा वर्षांचा, मी पाच. पांढऱ्या ढिगांकडे बोट दाखवून मी म्हणाले होते, हे ढीग नाहीत, खाली बुडालेल्या गावाचे कळस आहेत. अप्पा हसले. तू हसला नाहीस. तू विचारलंस, “मग पुढे काय होतं, मंदे?” मी काहीतरी सांगितलं, तू पुन्हा तेच विचारलंस, आणि ठाण्याला घरी पोहोचेपर्यंत त्या गावाला एक राणी मिळाली, राणीला शत्रू मिळाले. पुढे पंधरा-वीस वर्षं तू मला तोच प्रश्न विचारत राहिलास. आपल्या घरात मुलीने काय लिहिलंय हे वाचायला मागणारं दुसरं कोणी नव्हतं. दर भाऊबीजेला ओवाळणीत तू मला कोरी वही द्यायचास. मी मास्तरीण झाले, लग्न होऊन डोंबिवलीला आले, तरी वही चुकली नाही. माझ्या हाताला लिहायची सवय तू लावलीस. हे मी कधी तुला तोंडावर म्हटलं नाही.

‘मीठनगरी’ आपण कशी केली ते आठवलं की अजून बरं वाटतं. आपल्या कॅमेरामन गोपाळने कुठून तरी मागून आणलेला सोळा एमेमचा कॅमेरा, माझ्या शाळेतल्या मुलींच्या आयांनी शिवलेले झगे, डोंबिवलीच्या एका कारखान्यात फायबरमध्ये काढून घेतलेली शिरस्त्राणं. त्या शिरस्त्राणांना इतका वास यायचा की सैनिक दर दहा मिनिटांनी ती काढून उभे राहायचे. शहरातल्या थिएटरांनी आपल्याला दारात उभं केलं नाही. जत्रांमधल्या तंबूंनी मात्र तो सिनेमा पूर्ण हंगाम चालवला. आपल्या गल्लीतल्या पोरी पुठ्ठ्याचे मुकुट घालून राणी क्षारा व्हायला लागल्या. कल्याणचे एक रंगाचे व्यापारी स्वतः नौपाड्यात आले आणि म्हणाले, उरलेले दोन भाग मी उभे करतो.

तीन भागांची गोष्ट हे आपलं आधीपासून ठरलेलं होतं. पहिल्यात नगरी वसते, दुसऱ्यात तिला वेढा पडतो आणि ती हरते, तिसऱ्यात राणी परत येते. वितरक म्हणत होता की दुसऱ्याच्या शेवटी निदान एखादी लढाई तरी जिंकू द्या. तू ऐकलं नाहीस. आपल्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तू मला सांगितलंस, “मधल्या भागाला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. त्यात नुसतं सोसणं असतं. ते खरं वाटलं पाहिजे, मंदे. ते खोटं वाटलं तर तिसऱ्यात राणी परत आली काय आणि न आली काय.”

तेव्हा मला हे फार आवडलं होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं.

आता हिराजीबद्दल. शोकसभेत सगळे त्याला ‘तो अनामिक कलाकार’ म्हणत होते, म्हणून नाव लिहिते. हिराजी नाखवा. दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातला कोळी, तेव्हा पंचावन्नच्या आसपास. पहिल्या भागाच्या वेळी तो आपल्याला आणि सामानाला होडीतून नेण्या-आणण्यासाठी होता, एवढंच. तांडेलाचं काम करायला आणलेल्या नटाला होडी लागली, तो काठाला धरून ओकत बसला, आणि तू वैतागून त्याचं पागोटं उचलून हिराजीच्या डोक्यावर ठेवलंस. त्याने ते काढलं, झटकलं, नीट बांधलं आणि पुन्हा घातलं. ते बघूनच तू गोपाळला म्हणालास, कॅमेरा लाव.

दुसरा भाग लिहिताना तो तांडेल माझ्या डोक्यातून जाईना. राणीला वेढ्यातून बाहेर काढणारं माणूस हवं होतं, मी ते काम त्यालाच दिलं. हिराजीला माझी वाक्यं पाठ व्हायची नाहीत. एकदा कागद परत देत तो म्हणाला, “ताई, असा कोन बोलत नाय.”

“मग कसं बोलतात?”

“राणीला सोडून येताना मी बोलनारच नाय. मी वल्हवीन.”

मी अख्खं पान खोडलं. त्याचं बरोबर होतं.

त्याची होडी त्याच्या बापाने बांधलेली. सागवानी, पुढच्या टोकाला नाळेवर दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे, दर वर्षी माशाचं तेल पिऊन फळ्या काळ्या झालेल्या. होडीत पाय ठेवताना तो सगळ्यांना चपला काढायला लावायचा, त्या रंगाच्या व्यापाऱ्यांनाही लावल्या. आणि मी काय लिहिलं होतं? राणी पलीकडच्या काठाला उतरते. शत्रूला तिच्या मागे जाता येऊ नये म्हणून तांडेल स्वतःच्या हाताने स्वतःची होडी पेटवतो, आणि काठावर बसून बघत राहतो.

गावातल्या देवळाच्या ओट्यावर मी त्याला हे वाचून दाखवलं तेव्हा तू होतास. त्याने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “माजी होरी?”

तू म्हणालास, “तुझी कशाला, नाखवा? तिच्यासारखी दुसरी बनवून घेतो, ती पेटवू. तुझी होडी फक्त पाण्यातल्या दृश्यांना.”

तो तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, “मी शब्द देते, नाखवा.” मला कोणी शब्द मागितला नव्हता. मी आपणहून दिला.

दिव्याच्या सुताराने प्लायवूड आणि बांबूची होडी बनवली. लांबून बघितली तर फरक कळत नव्हता. तसाच नाळेचा एक वेगळा तुकडा करून तू जाळून बघितलास, तेव्हा तो पापडासारखा वळला आणि मिनिटभरात त्याची राख झाली. गोपाळ म्हणाला, होळी वाटते. पुढचे चार दिवस तू कोणाशीच नीट बोलला नाहीस.

त्या दिवशी मी अर्धी शाळा करून डोंबिवलीहून आले. ओहोटी होती, दुपारचे चार वाजले असतील. हिराजीने मशाल टेकवण्याचं दृश्य आदल्या दिवशीच झालं होतं. आता फक्त त्याचा चेहरा घ्यायचा होता. बांधावर त्याला बसवून तू म्हणालास, “नाखवा, ती खोटी होडी पेटेल. तू बघायचंस. मनात आण की ती तुझी आहे.” त्याने मान हलवली. त्याची होडी गावाच्या धक्क्याला नेऊन बांधली आहे, असं त्याला सांगितलेलं होतं. कांदळवनाच्या कडेला, शंभरेक पावलांवर, चिखलात टेकलेली होडी त्याला दिसत होती. तुझी शिट्टी झाली, होडीपाशी उभ्या असलेल्या माणसाने ती पेटवली आणि तो बाजूला झाला.

सुरुवातीला हिराजी सांगितल्याप्रमाणे बसून बघत होता. मग वारा फिरला. जुन्या, तेल प्यालेल्या सागवानाचा वास प्लायवूडसारखा नसतो. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते पुढे टीव्हीवर लागल्यापासून सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय. तो उठला आणि बांधावरून खाली उतरला. माझ्या लिखाणात तो उठत नाही. तो गुडघाभर रुतला, मग कमरेपर्यंत, मग हातांनी चिखल ओढत पुढे गेला. जवळ पोहोचला तेव्हा आच इतकी होती की पुढे जाता येईना, म्हणून दोन्ही ओंजळींनी चिखल भरून तो होडीवर फेकायला लागला. पाणी लांब गेलेलं होतं. हाताशी चिखलच होता, म्हणून चिखल. मातीचं मातीला परत देणं वगैरे काही नव्हतं, तो माणूस आग विझवत होता.

आणि तू ‘कट’ म्हणत नव्हतास. गोपाळने एकदा तुझ्याकडे मान वळवली. तू हाताने खूण केलीस, चालू ठेव.

रीळ संपलं तेव्हा कॅमेरा आपोआप थांबला.

तू चिखलात उतरून त्याच्याजवळ गेलास, मीही गेले. तू उकिडवा बसून म्हणालास, “नाखवा, नवी बांधून देतो. हिच्यापेक्षा मोठी.” त्याने तुझ्याकडे बघितलंच नाही. तो मला म्हणाला, “ताई, तू बोल्लेलीस.”

एवढंच. नंतर तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची दोन दृश्यं बाकी होती. तो येणार नाही असं धरून तू त्याच्या अंगलटीचा माणूस शोधत होतास. हिराजी सकाळी सातला आला. मेकअपवाल्यासमोर बसला. दोन्ही दृश्यं त्याने पहिल्या झटक्यात दिली, एकही शब्द जास्तीचा बोलला नाही, मग पागोटं काढून घडी घालून माझ्या हातात दिलं आणि पायी गावाकडे गेला. पुढे तू दोनदा त्याच्याकडे जाऊन आलास. नवी होडी त्याला नको होती. त्याने खाडी सोडली आणि डोंबिवलीत एका केमिकलच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. माझ्या शाळेपासून तो कारखाना वीस मिनिटांवर होता. मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं.

आपलं भांडण तुला आठवत असेलच. नौपाड्याच्या घरात, वहिनी कुकर लावत होती.

मी म्हणाले, “तू त्याला फसवलंस.”

“हो. फसवलं. सांगितलं असतं तर त्याने दिली नसती.”

“म्हणूनच विचारायचं असतं, दादा.”

“तसंही त्या खाडीत मासा राहिलाय कुठे? कारखान्यांनी पाणी मारलंय सगळं. वर्ष-दोन वर्षांत त्याने ती होडी विकलीच असती.”

“ते त्याने ठरवायचं होतं.”

मग तू आवाज खाली आणून विचारलंस, “तू बघितलंस का पडद्यावर? खरं सांग. बघितलंस ना?”

मी बघितलं होतं. लॅबमध्ये तुझ्या शेजारी बसून बघितलं होतं आणि माझ्या अंगावर काटा आला होता. क्षणभर मला अभिमान वाटला, आपण काय लिहिलंय. मग लक्षात आलं की हे मी लिहिलेलंच नाही. मी तुला एवढंच म्हणाले, “माझं नाव काढ त्यातून.”

“नाव काढणार नाही. तुझंच आहे ते.”

तू काढलं नाहीस. अजूनही आहे.

‘मीठनगरीचा वेढा’ ठाण्यात आणि कल्याणमध्ये लागला तेव्हा मी गुपचूप जाऊन बसले होते. संपल्यावर लोक उठेचनात. त्यांना वाटत होतं अजून आहे. बाहेर पडताना एक बाई नवऱ्याला म्हणाली, “हे काय, मधेच सोडलं?” तंबूवाल्यांनी आठवड्याभरात रिळं परत पाठवली. व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला, म्हणाले, तिसऱ्याचं लिहून आणा, वाचून ठरवू. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आणि मी लिहिलं नाही.

मला लिहिता येत नव्हतं असं नाही, दादा. शेवटच्या प्रसंगापर्यंत सगळं डोक्यात होतं. तिसऱ्या भागात राणी परत येते आणि पहिल्यांदा तांडेलाला भेटते. तो तांडेल कोण करणार होता? हा प्रश्न मी तुला एकदाच विचारला. तू म्हणालास, “बघू, दुसरा कोणी घेऊ.” त्या दिवशी मी पेनाला टोपण लावलं.

दर भाऊबीजेला तू डोंबिवलीला येत राहिलास. मी ओवाळायची, तू ताटात कोरी वही ठेवायचास, आपण चिवडा-लाडू खात शाळा, डोंबिवलीचं पाणी, वहिनीचा गुडघा यावर बोलायचो. तू गेलास की वही कपाटात. तू कधी म्हणाला नाहीस की लिही, मी कधी म्हणाले नाही की माफी माग. तू तोवर लग्नाच्या कॅसेटी काढायला लागला होतास. एकदा आमच्या जवळच्या मंगल कार्यालयात एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले तर तू तिथे. नवरीच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडावा हे तू एका कंटाळलेल्या माणसाला समजावत होतास आणि तो जांभई देत होता. मी जेवण न करता मागच्या दाराने निघून आले. मला तुझी कीव आली होती आणि तुझी कीव येणं मला सहन होत नव्हतं. तुझ्यावर रागच बरा होता.

वहिनी मला परवा म्हणाली, “मंदाताई, तुम्ही तेवढं लिहून दिलं असतंत तर हे इतके खचले नसते.” तिचं सगळं चुकीचं नाही. तुला मी शिक्षा देत होते, हे तिने ओळखलं होतं. तू आमच्या घरी सोफ्यावर बसून लाडू खात होतास तेव्हाही मी तुला शिक्षाच देत होते.

आता हॉस्पिटल. तू जायच्या आठ दिवस आधी, भेटायच्या वेळेत, दुपारी. वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. तुझे पाय सुजलेले होते आणि आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागत होतं. मी सफरचंद कापत होते. तू म्हणालास, “त्या दिवशी तू ताडपत्री उचललीस. मी बघितलं होतं.”

मी सुरी खाली ठेवली.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी सावली शोधत मी बांधावरच्या ट्रकमागे गेले होते. ट्रकवर काहीतरी मोठं झाकलेलं होतं, ताडपत्रीचं एक टोक सुटलं होतं. मी ते उचललं. आत प्लायवूडची होडी होती, रंगवलेल्या डोळ्यासकट. म्हणजे चिखलात टेकलेली होडी कोणती, हे समजायला मला काही वेळ लागला नाही. रॉकेलचा वासही येत होता. हिराजी बांधावर पागोटं सारखं करत बसला होता. माझ्यापासून एवढ्या अंतरावर की साधी हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती. शिट्टीला अजून पाच-सात मिनिटं होती. मी ताडपत्री खाली सोडली, टोक दोरीखाली खोचलं आणि येऊन उभी राहिले.

का गप्प बसले? मी स्वतःला बरीच कारणं सांगितली. तू ऐकलं नसतंस. ऐन वेळी तमाशा झाला असता. कदाचित खोट्या होड्या दोन असतील. ती सगळी नंतर रचलेली. त्या पाच-सात मिनिटांत माझ्या मनात एकच होतं, की हे दृश्य खरं दिसेल. ते मी लिहिलं होतं आणि ते खरं दिसायला मला हवं होतं.

“मला वाटलं, तू ओरडशील,” तू म्हणालास. “मी थांबलो होतो. शिट्टी तोंडात धरून थांबलो होतो. मंदा ओरडली तर सोडून देऊ, असं ठरवलं होतं मी. तू काही बोलली नाहीस. म्हणून मग केलं.”

“हे माझ्यावर ढकलू नकोस, दादा.”

“ढकलत नाही. सांगतोय.”

“इतकी वर्षं का नाही सांगितलंस?”

तू डोळे मिटलेस. “तू चिडून होतीस ते बरं होतं. तुला निदान तेवढं तरी होतं.”

तेवढ्यात वहिनी आली. मी सफरचंदाच्या फोडी बशीत लावल्या. तू एक खाल्लीस. त्यानंतर आपण एकटे भेटलो नाही आणि आठ दिवसांनी तू गेलास.

‘तू काही बोलली नाहीस’ या तुझ्या वाक्यावर मी रोज विचार करते. कधी वाटतं, तू मला वाचवत राहिलास. दहा वर्षं मी तुला गुन्हेगार ठरवून तुझ्यासमोर दिवा ओवाळत होते आणि तू ते निमूट बसून घेतलंस. तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच भांडणात ते वाक्य फेकलं असतं. आणि कधी वाटतं, केवढा हा लबाडपणा. चाळीस माणसं हाताखाली असलेला दिग्दर्शक आपली सदसद्विवेकबुद्धी धाकट्या बहिणीच्या घशात ठेवून शिट्टी वाजवतो, आणि मरताना तिला ते कळवतो. मला तुझ्याशी यावर भांडायचं होतं. तू त्याला वेळ ठेवला नाहीस. तुझ्यावरचा हा माझा सर्वात मोठा राग आहे, होडीपेक्षाही.

शोकसभेनंतर मंगळवारी मी हिराजीच्या गावी गेले. दिव्याच्या इमारती आता थेट त्यांच्या देवळापर्यंत आल्यात. हिराजी नोकरीतून सुटला आहे, मुलाने बांधलेल्या पक्क्या घरात ओट्यावर बसला होता. त्याची बायको, पार्वतीबाई, पाण्याचे हंडे मोजत होती, त्यांच्याकडे तीन दिवसांनी पाणी आलं होतं. त्याने मला लगेच ओळखलं. तू गेल्याचं त्याला माहीत होतं, पेपरात वाचून कोणीतरी सांगितलं होतं.

मी बसले आणि सगळं सांगितलं. ताडपत्री, रॉकेल, हाक मारता आली असती ते. तो ऐकत होता. पार्वतीबाईंनी हंडा खाली ठेवला होता. माझं सांगून झाल्यावर मी म्हणाले, “नाखवा, मी माफी मागायला आलेय. दादाची नाही. माझी.”

मी वाट बघितली. पार्वतीबाईंनी चहा आणला, मी तो घेतला. शेवटी त्याने विचारलं, “त्या पिच्चरमदे होरी चालताना पन हाय ना? पेटायचे आदी?”

“आहे. पुष्कळ आहे.”

“मी बघलाच नाय तो. पोरांना पन बघू दिला नाय.” मग म्हणाला, “तेवडाच दाव मना. पेटायचे आदी बंद कर.”

मी बुधवारी वहिनीकडून कॅसेट आणली. कशासाठी ते सांगितलं नाही. काल सकाळी आमच्या घरचा व्हीसीआर रिक्षात घालून त्याच्या घरी नेला, त्याच्या टीव्हीला जोडला. दोघं खाली चटईवर बसली. मी बटणावर अंगठा ठेवून टीव्हीच्या बाजूला बसले. कांदळवनातून होडी बाहेर येते, शीड भरतं, राणी नाळेपाशी उभी असते, ते सगळं. राणीकडे दोघांनीही बघितलं नाही. हिराजी बायकोला म्हणाला, “शिडाचा ठिगल बग. तू लावलेलास.” ती म्हणाली, “उसवला नाय.” इतकी वर्षं ती तेवढं एकच वाक्य बोलायला थांबली असावी, अशा आवाजात म्हणाली.

होडी काठाला टेकली. तांडेलाने मशालीकडे हात नेला. मी बंद केलं.

“पुन्ना लाव,” हिराजी म्हणाला.

मी रिवाइंड करून पुन्हा लावलं. असं चार वेळा. चौथ्या वेळी पार्वतीबाई उठून भात टाकायला गेल्या, हिराजी हललाही नाही. माझ्या माफीबद्दल तो काल बोलला नाही, मंगळवारीही बोलला नव्हता, आणि मला वाटतं कधी बोलणारही नाही. मी वायर गुंडाळायला लागले तेव्हा तो म्हणाला, “कॅसेट रावदे इथं. पोराकडे मशिन हाय.”

मी म्हणाले, “नाखवा, पुढचं पण आहे हिच्यात. आगीचं.”

त्याने हात पुढे केला होता. “ठाव हाय,” तो म्हणाला. “मना बंद कराला येतं.”